सर्वांत वाईट सिनेमा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



एक साधा प्रयोग करून पाहा. चार माणसं जमली असतील तिथं विचारा, 'तुम्ही पाहिलेला सर्वांत चांगला सिनेमा कोणता?' माणसं विचारात पडतात. कुणी छताकडे बघतो, कुणी दोन-तीन नावं घेतो आणि 'तसं सांगणं अवघड आहे' म्हणून मोकळा होतो. आता उलटं विचारा. 'सर्वांत वाईट कोणता?' सगळे एकदम बोलायला लागतात.

गेल्या दिवाळीत एका मित्राकडे फराळाला जमलो होतो, तेव्हा मी हा प्रश्न टाकला. मित्र पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, मितभाषी माणूस. तो चकली खाली ठेवून म्हणाला, "राम गोपाल वर्मा की आग." त्याचा इंजिनिअर मुलगा 'गुंडा' सिनेमाचं नाव घेऊन स्वतःच हसत सुटला. वहिनींना सिनेमाचं नावही आठवत नव्हतं. तिकिटं केवढ्याला पडली आणि पोरांनी मक्याच्या लाह्यांवर किती पैसे उडवले, हे मात्र पैशासकट आठवत होतं. तासभर आम्ही पोट धरून हसलो. चांगल्या सिनेमाबद्दल बोलताना माणूस एकटा असतो, वाईट सिनेमाबद्दल बोलताना त्याची मैफल होते.

जगात हा मान परंपरेनं ज्या सिनेमाला दिला जातो, तो आहे 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'. एड वुड नावाच्या अमेरिकन दिग्दर्शकानं तो १९५६ मध्ये चित्रित केला. परग्रहावरची माणसं पृथ्वीवर येतात आणि स्मशानातली मढी उठवतात, अशी कथा. यातली थडगी पुठ्ठ्याची. कुणाचा धक्का लागला की हलतात. एकाच प्रसंगात मघाशी दिवस असतो, आता रात्र. विमानाच्या चालकाच्या खोलीला दाराच्या जागी पडदा लावलेला. यातला मोठा नट म्हणजे बेला लुगोसी, पूर्वीचा गाजलेला ड्रॅक्युला. वुडनं त्याचं थोडंसं चित्रण करून ठेवलं होतं, पण ऑगस्ट १९५६ मध्ये लुगोसी वारला. वुड थांबला नाही. त्यानं ओळखीच्या एका हाडवैद्याला लुगोसीच्या जागी उभं केलं. तोंडवळा जुळत नव्हता, म्हणून तो गृहस्थ सिनेमाभर अंगरख्याचा पदर नाकासमोर धरून हिंडतो. पैसे दिले होते एका चर्चच्या मंडळींनी. त्यांच्या अटीखातर वुडनं आणि त्याच्या काही सोबत्यांनी बाप्तिस्मासुद्धा घेतला.

१९८० मध्ये मेदवेद बंधूंनी वाईट सिनेमांवर पुस्तक काढलं. त्यासाठी वाचकांची मतं घेतली आणि 'प्लॅन नाइन' आजवरचा सर्वांत वाईट सिनेमा ठरला. हे ऐकायला वुड नव्हता. डिसेंबर १९७८ मध्ये, भाडं थकल्यामुळे घराबाहेर काढल्यावर काही दिवसांतच, चोपन्नाव्या वर्षी तो गेला होता. गंमत बघा, त्याच वुडच्या आयुष्यावर टिम बर्टननं १९९४ मध्ये सिनेमा काढला आणि त्यात लुगोसीची भूमिका करणाऱ्या मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळालं. सर्वांत वाईट सिनेमा कसा झाला, याची गोष्ट चांगली निघाली.

वुडचा सिनेमा मी पाहिलाय. तो वाईट आहे, यात वाद नाही. पण बघताना राग येत नाही. माणसाला काहीतरी सांगायचं आहे, सांगण्याचा जीव आहे, फक्त येत नाही. कवितेत मी अशी माणसं खूप पाहिलीत. आरशातही एक पाहिलाय.

वाईटाचा दुसरा प्रकार म्हणजे माझ्या मित्राची 'आग'. ऑगस्ट १९७५ मध्ये 'शोले' आला, तेव्हा पहिल्या आठवड्यात समीक्षकांनी नाकं मुरडली होती. सिनेमा पडला, असं धंद्यातल्या लोकांनी ठरवूनही टाकलं होतं. पुढं तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. बत्तीस वर्षांनी, ऑगस्ट २००७ मध्ये, तोच 'शोले' नव्यानं काढायचा घाट घातला गेला. ज्या दिग्दर्शकानं 'सत्या' केला होता त्यानं. पैसा होता, यंत्रसामग्री होती, गब्बरच्या जागी अमिताभ बच्चन होते. या सिनेमाबद्दल लोक बोलतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात चीड असते. येत असून केलं नाही, याची ती चीड आहे. गरिबाच्या घरी आमटी पातळ झाली तर आपण बोलत नाही. श्रीमंताच्या पंगतीत झाली तर गावभर सांगतो.

आणि 'गुंडा'? कांती शाह यांचा १९९८ चा सिनेमा, मिथुन चक्रवर्ती नायक. आला तेव्हा फार कुणी विचारलं नाही, पण पुढं कॉलेजच्या वसतिगृहांतल्या पोरांनी तो डोक्यावर घेतला. त्यातले खलनायक आपली ओळख यमकात करून देतात. माणूस मारायच्या आधी यमक, मारल्यावर यमक. कवी म्हणून सांगतो, तो सिनेमा बघितल्यावर मला आठ दिवस यमक जुळवायची भीती वाटत होती.

आता तुम्ही म्हणाल, हे निकाल देणारे आपण कोण? बरोबर आहे. १९५९ मध्ये गुरुदत्तचा 'कागज के फूल' लोकांनी नाकारला. त्यानंतर त्यानं दिग्दर्शक म्हणून आपलं नाव लावलं नाही. १९७० च्या डिसेंबरात 'मेरा नाम जोकर' आला, दोन मध्यंतरांचा, चार तासांचा. तोही पडला. आज हे दोन्ही सिनेमे अभ्यासाला लावतात. तेव्हा 'वाईट' ही पाटी खिळ्यानं ठोकू नये; दोरीनं टांगावी. काढता आली पाहिजे.

पण एका प्रकारच्या वाईटपणाबद्दल माझं मत इतक्या वर्षांत बदललं नाही. सिनेमा नीटनेटका असतो, गाणी गोड असतात, नट कसलेले असतात आणि तरी तो खोटा असतो. माझ्या लहानपणी तालुक्याच्या टॉकीजला जुने 'मुस्लिम सोशल' लागायचे. 'चौदहवीं का चाँद', 'मेरे मेहबूब'. शेरवानी, पानाचे विडे, झुंबरं, वाक्यावाक्याला आदाब. सिनेमे सुंदर होते, गाणी आजही ऐकतो. ते लखनौचे होते आणि लखनौचे म्हणूनच दाखवले होते, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पुढं मात्र कुठल्याही गावची गोष्ट असो, सिनेमातला मुसलमान तसाच दिसायला लागला. डोळ्यांत सुरमा, गळ्यात तावीज, तोंडी उर्दू. कधी जीव देणारा चाचा, कधी जीव घेणारा गुंड. 'गरम हवा'सारखे सिनेमे आले, नाही असं नाही, पण ते बोटांवर मोजण्याइतके.

आमच्या घरी कोण होतं? सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. घरात दख्खनी, उंबऱ्याबाहेर मराठी. अम्मा नऊवारी नेसायची. अब्बा पिंजारी. डोक्याला पटका, अंगात पैरण, खांद्यावर धनुकली. दारोदार जाऊन गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचे आणि सोमवारच्या बाजारात उशा विकायला बसायचे. त्यांनी आयुष्यात कुणाला 'आदाब' केल्याचं मला आठवत नाही. 'रामराम' मात्र शंभरदा केलाय. टॉकीजमधून घरी आलो की मी अब्बांकडे बघायचो आणि मला वाटायचं, यातले नेमके खोटे कोण, सिनेमातले की आमचे? पोराला आपला बाप खोटा वाटायला लावतो, तो सिनेमा वाईट. माझी व्याख्या एवढीच.

पण आज मला माझ्या व्याख्येपेक्षा माझ्या चुकीबद्दल बोलायचं आहे.

१९९४ ची गोष्ट. मी बी. ए. होऊन नगरपालिकेत कारकुनी करत होतो, कविता लिहीत होतो आणि गावातल्या एका साप्ताहिकात सिनेमाचं सदर चालवत होतो. आमच्या गावात एक गृहस्थ होते. नाव सांगत नाही, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. त्यांचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा. भाऊंना सिनेमाचं वेड. त्यांनी दोन एकर रान विकलं आणि मराठी सिनेमा काढला. गावातलीच माणसं नट. सावकार, कर्ज, बैल, पळून जाणारी मुलगी, शेवटी सगळ्यांचं गोड. आमच्या टॉकीजला तो तीन दिवस चालला. पहिल्या दिवशी सगळं गाव, तिसऱ्या दिवशी आम्ही अकरा जण.

सिनेमा वाईट होता. नायकाची मिशी एका प्रसंगात जाड, दुसऱ्यात बारीक. पाऊस फक्त नायक-नायिकेवर पडतो, मागं रानात लख्ख ऊन. तिरडीवरचं मढं नाकावरची माशी हाकलतं. मी तिन्ही दिवस वही घेऊन बसलो होतो. चुका टिपत होतो. खरं सांगतो, इतका आनंद मला चांगल्या सिनेमात कधी झाला नव्हता. मग सदर लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: या चित्रपटात सर्वांत सहज अभिनय बैलाचा आहे, कारण त्याला संवाद दिलेले नाहीत.

वाक्य गावात पसरलं. चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर लोक मला ते वाक्य म्हणून दाखवायचे. सदराचा अंक प्रथमच संपला. भाऊंना लोक 'बैलवाले' म्हणायला लागले. मंडप ठरवायला गेलेली माणसंही म्हणायची, "बैलवाल्यांकडनं आणू." मी ऐकायचो आणि मनातून खूश व्हायचो. पहिल्यांदाच माझं एखादं वाक्य लोकांच्या तोंडी बसलं होतं. माझ्या एकाही कवितेच्या नशिबी ते आलं नव्हतं.

अमेरिकेत वाईट सिनेमांसाठी 'गोल्डन रास्पबेरी' नावाचे पुरस्कार १९८१ पासून देतात. थट्टेचे पुरस्कार, ऑस्करच्या आदल्या दिवशी द्यायची रीत. २००५ मध्ये हॅले बेरी ही नटी 'कॅटवुमन'साठीचा तो पुरस्कार घ्यायला स्वतः गेली, एका हातात आपलं खरं ऑस्कर घेऊन. हरायला शिकल्याशिवाय जिंकता येत नाही असं आईनं शिकवलंय, असं म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशी थट्टा मला मान्य आहे. ज्याची करायची तो उंच असावा आणि हसू शकावा.

पण याच मंडळींनी २०२२ मध्ये ब्रूस विलिस या नटाचे एका वर्षातले आठ पडेल सिनेमे घेतले आणि त्याच्यासाठी स्वतंत्र गटच काढला: यातलं त्याचं सर्वांत वाईट काम कोणतं? पुरस्कार जाहीर झाला. थोड्याच दिवसांत त्याच्या घरच्यांनी सांगितलं, त्याला वाचाघात झालाय, मेंदूच्या विकारानं शब्द सापडत नाहीत, तो काम थांबवतोय. पुरस्कार मागं घेतला गेला. पुढच्या वर्षी त्यांनी एका बारा वर्षांच्या मुलीला वाईट अभिनयाचं नामांकन दिलं. ओरड झाल्यावर तेही मागं घेतलं आणि माफी मागितली. बातमी वाचली तेव्हा मला आमचं साप्ताहिक आठवलं. थट्टा करणारा माणूस पडदा बघतो. पडद्यावर उभ्या असलेल्या माणसाचं काय चाललंय, हे त्याला ठाऊक नसतं.

असो. अब्बा १९९९ मध्ये गेले. २००३ मध्ये माझा पहिला कवितासंग्रह आला. पाचशे प्रती, त्यातल्या तीनशेच्या आसपास अजून माळ्यावर आहेत. प्रकाशन समारंभाला मंडप भाऊंचाच, कारण गावात दुसरा नव्हता. भाऊंनी ठरलेले पैसे पुरते मोजून घेतले आणि आपल्याच खुर्च्यांपैकी शेवटच्या ओळीतल्या खुर्चीवर बसून सगळ्या कविता ऐकल्या. पुढं त्या संग्रहाचं एक परीक्षण आलं, चार ओळींचं. त्यात माझ्या दहा वर्षांच्या कष्टांबद्दल एवढंच होतं, की यमकं जुळली आहेत. मला त्या रात्री झोप आली नाही. आणि तरीसुद्धा, सांगायला लाज वाटते, मला भाऊंची आठवण आली नाही.

ती आली २०१८ मध्ये. भाऊंच्या मुलाचा निरोप आला, वडील बोलावतायत. भाऊ पंच्याहत्तरी ओलांडलेले, अर्धांगानं एक हात लुळा. मुलानं घरातली जुनी व्हिडिओ कॅसेट शहरातून सीडीवर उतरवून आणली होती. मूळ फिल्म कुठं गेली, कुणाला माहीत नाही. टीव्हीवर तोच सिनेमा लावला होता. मी अवघडून बसलो. आता हे माझी ती ओळ काढणार, असं वाटत होतं. भाऊंनी मुलाला खूण केली, चित्र पुढं पळवलं आणि थांबवलं. सोमवारचा बाजार. नायिका पळतीय, मागं सावकाराची माणसं. बाजार खराच होता. भाऊंकडं जमाव उभा करायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी बाजारातच कॅमेरा लावला होता. आणि नायिका जाते त्याच्या पाठोपाठ, डावीकडून उजवीकडं, एक माणूस चालत जातो. डोक्याला पटका. खांद्यावर धनुकली. मध्येच वळून कॅमेऱ्याकडं बघतो, हे काय चाललंय म्हणून, आणि पुढं जातो.

अब्बा.

सहा-सात सेकंद असतील. माझ्याकडं अब्बांचे दोन फोटो आहेत, दोन्हींत ते खुर्चीवर ताठ बसलेले. चालताना ते कसे दिसायचे, डाव्या पायावर किंचित झुकायचे, हे मी विसरून गेलो होतो. वीस वर्षांनी ते माझ्यासमोर चालत होते. भाऊंनी मुलाला पुन्हा लाव म्हणून सांगितलं. मग पुन्हा. धनुकलीचा आवाज तेवढा नव्हता. त्यावर त्यांनी ढोलकी टाकली होती.

मी विचारलं, "भाऊ, तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?"

भाऊ शब्द जुळवत, सावकाश म्हणाले, "जोडताना बघितलं की मी. म्हटलं, पोरगं तीन दिवस येऊन बसतंय, बघंल. तुला बैल दिसला रं. बाप न्हाई दिसला."

यावर काय बोलणार? मी काही बोललो नाही. माफी मागायला हवी होती, ती त्या दिवशी मागितली नाही. चार महिन्यांनी मागायला गेलो, तेव्हा भाऊ माणसं ओळखत नव्हते. मी माफी मागितली. ती त्यांना कळली की नाही, मला माहीत नाही. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, पण ते सगळ्यांचेच हात धरायचे.

सीडीची एक प्रत मी घरी आणली. अम्माला दाखवली. अम्मा बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ये तो वोइच चप्पल है की, ईद की." बाकी काही बोलली नाही. नंतर शेजारच्या बायकांना बोलावून आणलं.

आपल्या देशातला पहिला बोलपट 'आलम आरा'. मार्च १९३१ मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला होता. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. तो चांगला होता की वाईट, हे आता कुणी ठरवू शकत नाही. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथं पी. के. नायर यांनी आयुष्यभर फिल्मचे डबे गोळा केले. चांगला-वाईट असा भेद करू नये, मिळेल तो सिनेमा जपावा, अशी त्यांची भूमिका होती. पूर्वी मला ती भोळी वाटायची. आता वाटतं, त्या माणसाला कळलं होतं की पडद्यावर दिग्दर्शकानं ठेवलेल्या गोष्टींपेक्षा न ठेवलेल्या गोष्टी कितीतरी जास्त असतात. मागची भिंत, एसटीचा जुना थांबा, पाडून टाकलेला वाडा. आणि वाट चुकून कॅमेऱ्यासमोरून गेलेलं कुणाचंतरी माणूस.

शेरवानीवाल्या सुंदर सिनेमांत मी लहानपणी आमच्यासारखं माणूस शोधत होतो. ते सापडलं भाऊंच्या सिनेमात. कुणी त्याला संवाद दिले नाहीत, सुरमा घातला नाही, म्हणून तो खरा राहिला. बैलाबद्दल मी जे थट्टेनं लिहिलं होतं, ते अब्बांच्या बाबतीत अक्षरशः खरं निघालं.

म्हणून भाऊंचा सिनेमा चांगला होता, असं मी म्हणणार नाही. तो वाईटच होता. तसं खोटं बोललो तर भाऊच वैतागले असते. वाईटाला वाईट म्हणायलाच हवं. नाहीतर पाटबंधारे खात्यातल्या माझ्या मित्रानं चकली खाली कशासाठी ठेवायची? फक्त, कुणी आता मला विचारलं, की तुम्ही पाहिलेला सर्वांत वाईट सिनेमा कोणता, तर मी पूर्वीसारखं चटकन उत्तर देत नाही. मीही छताकडं बघतो.

मी तो सिनेमा तीन वेळा पाहिला होता, वही घेऊन. वही अजून आहे. त्यात एकूण एकेचाळीस चुका टिपलेल्या आहेत. बाजाराच्या प्रसंगापुढं माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'मागून जाणारा एक इसम कॅमेऱ्याकडे बघतो. चूक.'